इन्स्पेक्टरसाहेबांचं प्रेशर

बॉयलर इन्स्पेक्टर निवृत्त होऊन सहा महिने झाले होते आणि या सहा महिन्यांत त्यांची सही कोणीही मागितली नव्हती. कुरिअरवालासुद्धा "बाईंना बोलवा, पार्सल त्यांच्या नावाचं आहे" म्हणून दारातच थांबायचा. एके काळी साहेबांनी बॉयलरच्या दाबाचा काटा पाहून मान हलवल्याशिवाय कारखान्याची शिट्टी वाजत नसे. आता घरात त्यांना फक्त दुधावर लक्ष ठेवायला सांगत, आणि ते त्यांच्या डोळ्यांदेखत उतू जाई.

त्यामुळे मोठ्या इस्पितळाची जाहिरात पेपरात आली, तेव्हा त्यांनी ती तीनदा वाचली आणि चौथ्यांदा मोठ्याने वाचली.

"ऐकलंस का? नव्या औषधांच्या चाचणीसाठी माणसं हवी आहेत. मधुमेह, दमा, सांधेदुखी, अर्धशिशी, उच्च रक्तदाब."

"बरं मग?" बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मग काय? निवडून घेणार माणसं. नंबर देणार, कार्ड देणार. गंमत नाही ती."

"पण तुम्हाला यातलं काय होतंय?"

इथे मात्र गाडी अडली. मधुमेह नव्हता, दमा नव्हता. डोकं दुखायचं ते दुसऱ्यांचं. घरात काम निघालं की साहेबांचे गुडघे दुखत, पण डॉक्टरांना ते पटेल याची त्यांनाच खात्री नव्हती. राहता राहिला रक्तदाब. आणि दाब म्हटला की साहेबांच्या डाव्या हातचा मळ.

रक्तदाब मोजायचं यंत्र चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे होतं. इमारतीला लिफ्ट नव्हती. साहेब तळमजल्यावरून दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेले, खुर्चीत बसले आणि दंड पुढे केला. आकडा आला एकशे बासष्ट. फोटोग्राफरचा चेहरा पडला आणि साहेबांचा खुलला.

"एका नोंदीवर भागत नाही," ते म्हणाले. "उद्या पुन्हा येतो."

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ वर जाऊन त्यांनी चौदा नोंदी घेतल्या आणि लाल-निळ्या शाईने वहीत उतरवल्या. दीडशेच्या खाली एकही नव्हती. पोराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तशी ती वही त्यांनी बायकोला दाखवली.

"एवढे जिने कशाला चढताय रोज?" ती म्हणाली.

"नोंदीसाठी," साहेब म्हणाले आणि वही पिशवीत घातली.

घरचं माणूस सोबत आणा, असं जाहिरातीत लिहिलं होतं, म्हणून शुक्रवारी बायकोही इस्पितळात आली. खोली गार होती. सिस्टरने साहेबांना मऊ खुर्चीत बसवलं. "पाय जमिनीवर. दहा मिनिटं बोलायचं नाही. मग मोजू." एकशे चोवीस, अठ्ठ्याहत्तर.

"छान आहे की, काका."

"छान? परत घ्या."

सिस्टरने परत घेतलं. एकशे बावीस. तिसऱ्या वेळी एकशे वीस.

"उतरत चाललंय," साहेब घाबऱ्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी वही उघडून टेबलावर ठेवली. सिस्टरने चौदा नोंदी वाचल्या.

"हे कुठे मोजलं?"

"चौथ्या मजल्यावर."

"आणि तुम्ही राहता कुठे?"

"तळमजल्यावर."

सिस्टरने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

दुसरा कोणी असता तर इथेच उठला असता. पण नंबर हातचा जातोय हे दिसल्यावर साहेबांना धीर धरवेना. काट्याचा संशय आला की काय करायचं, याचा नियम त्यांना पाठ होता. "तुमचं यंत्र बिघडलंय. आमच्यात अशा वेळी गेज काढून दुसऱ्या बॉयलरवर लावून बघतात." असं म्हणून त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं. "हिच्यावर लावा."

"बॉयलर कोणाला म्हणताय?" बायको म्हणाली. पण प्रकरण एकदाचं मिटावं म्हणून तिने हात पुढे केला. सिस्टरने तिलाही दहा मिनिटं शांत बसवलं, मग पट्टा आवळला. एकशे अठ्ठावन्न, शहाण्णव.

सिस्टरने पट्टा सैल केला. थोड्या वेळाने तिने पुन्हा मोजलं. एकशे छप्पन्न.

"बघा, बिघडलंय ना?" साहेब म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. सिस्टरने दुसऱ्या खोलीतलं यंत्र आणलं. तेही तोच आकडा सांगू लागलं.

"कधी मोजलं होतंत, काकू?"

"मला कुठे वेळ असतो," बायको म्हणाली. "आणि मला काही होतही नाही."

 जन्मभर साहेबांनी लोकांचे बॉयलर तपासले होते, एकेका कारखान्याला धाक घातला होता, आणि स्वतःच्या घरात कधी काटा पाहिला नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि भीतीही वाटली. बायकोची पिशवी त्यांनी न सांगता आपल्या मांडीवर घेतली.

डॉक्टरीणबाई आल्या. दोन-तीन भेटींत तपासण्या झाल्यावर त्यांनी सांगितलं, की दाब वाढलाय पण फार नाही, आणि काकूंची इच्छा असेल तर त्या चाचणीत बसतात. निम्म्या लोकांना औषधाची गोळी मिळेल, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी, पण औषध नसलेली.

"कोणाला कोणती?" साहेबांनी विचारलं.

"ते शेवटपर्यंत आम्हालाही कळत नाही."

"आमच्याकडे असल्या कारभाराला टाळं लागलं असतं."

"दर आठवड्याला तपासणार आहोत, काका. जरा जरी वाढलं तरी थांबवून लगेच नेहमीचं औषध सुरू करू."

बायकोने सगळे कागद वाचले, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. नंबर तिला मिळाला, कार्डही तिला मिळालं. साहेब खाली मान घालून बसले होते, तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साक्षीदार म्हणून इथे तुमची सही लागेल." साहेबांनी खिशातलं पेन काढलं, निब पुसलं आणि पूर्ण नाव, तारीख, वेळ घालून सही केली. बाहेर पडताना ते जरा ताठ चालत होते.

घरी वापरायला इस्पितळाने एक यंत्र आणि एक डायरी दिली. दिवसातून तीनदा मोजायचं आणि त्याआधी दहा मिनिटं घरात शांतता हवी. बोलणं नाही, टीव्ही नाही, कोणी काही विचारायचं नाही. डायरी साहेबांनी ताब्यात घेतली. पहिल्याच सकाळी चौथ्या मिनिटाला ते म्हणाले, "अगं, माझा चष्मा कुठे आहे?" आणि लगेच स्वतःच घड्याळ मागे फिरवलं. "नोंद बाद. पुन्हा दहा मिनिटं."

त्या दिवशी सात नोंदी बाद झाल्या आणि सातही साहेबांनीच बाद केल्या. पण नियम तो नियम. हळूहळू ते चष्मा स्वतः शोधू लागले. चहा लागला तर स्वतः करून घेऊ लागले, कारण मागायची सोय नव्हती. दुधाकडेही तोंड मिटून पाहायला लागल्यापासून ते उतू जाईना. बायको खिडकीशी बसून बाहेर बघायची. असं बसून कित्येक वर्षं झाली, असं एकदा ती म्हणालीसुद्धा.

आकडे उतरू लागले. एकशे पन्नास, एकशे चव्वेचाळीस, तिसऱ्या महिन्याला एकशे तीस.

"काय गोळी आहे!" साहेब जिन्यात भेटेल त्याला सांगत. "खरी तीच मिळाली बरं का आम्हाला. नोंदी खोटं बोलत नाहीत."

चाचणी संपली, कोणाला कोणती गोळी ते लिहिलेली बंद पाकिटं उघडली गेली, आणि डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावून घेतलं.

"काकू, तुमच्या गोळीत औषध नव्हतं."

"शक्य नाही," साहेब म्हणाले. "नोंदी मी घेतल्यात."

"नोंदी बरोबरच आहेत. इतकी नीट डायरी आमच्याकडे दुसरी आली नाही. म्हणून तर विचारतेय, घरात काय बदललं? मीठ कमी केलंत?"

"नाही हो, तेवढंच," बायको म्हणाली.

"फिरायला जाऊ लागलात?"

"तेही पूर्वीइतकंच." ती विचार करू लागली. "फक्त हे तीनदा दहा-दहा मिनिटं गप्प बसतात. आता सवयच लागलीय, एरवीही अधूनमधून बसतात."

डॉक्टरीणबाईंनी डायरी पुन्हा चाळली. "तेच असेल असं छातीठोक नाही सांगता येणार. पण दुसरं काही दिसत नाही."

"म्हणजे औषध..." साहेबांनी सुरुवात केली.

"बहुतेक तुम्हीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

साहेबांना आधी राग आला. मग त्यांच्या ध्यानात आलं, की इस्पितळाने नाकारलेला माणूस तीन महिने चाचणीत होता आणि पासही झाला होता. त्यांची छाती फुगली. हे लेखी मिळेल का, असं ते विचारणार होते.

पण बायकोने त्यांच्याआधी विचारलं.

"डॉक्टर, याचा डोस वाढवता येईल का हो?"

साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मिटून घेतलं.