रिकाम्या बाटलीचं निरूपण

"ती कादंबरी ना मॅडम, दोन दिवसांत फाडतो!" राजशेखरनं भर वर्गात छाती ठोकून सांगितलं.

गुलबर्ग्याला मराठीत एम.ए. करणाऱ्या या गड्यानं सोमवारचा सेमिनार असा आपणहून अंगावर ओढून घेतला. वीस गुण होते, आणि वर्गापुढं अब्रू होती ती वेगळीच. लायब्ररीतलं ते निम्मी पानं सुटलेलं पुस्तक काखेत मारून स्वारी जनवाड्याला घरी आली.

आली खरी, पण कादंबरीत पूर्णविराम औषधाला नव्हता. तिसऱ्या पानावर नायकाचं दार झालं. सातवं प्रकरण अख्खं कोरं. राजशेखरनं ते कोरं प्रकरणही दोनदा वाचलं, उगाच काही सुटायला नको! रविवारी दुपारी पुस्तक छातीवर ठेवून तो घोरायला लागला.

भागम्मा आत्या शेजारीच तूर पाखडत होती. तिला मराठी वाचता येत नाही, पण माया अफाट. भाच्याचं वाचत आलेलं पान हरवू नये म्हणून तिनं कोनाड्यातला एक कागद पुस्तकात खोचला.

उठल्यावर भाचा रडकुंडीला आला. "आत्या, मला काहीच कळंना गेलंय. उद्या फजिती व्हायची बघ."

"वाच की मोठ्यानं. जल्मभर मठात शरणांची वचनं ऐकलेत मी. त्याच्यापरीस अवघड असतंय व्हय?"

आणि आत्यानं सपाटाच लावला. दार म्हणजे देह. कोरं प्रकरण म्हणजे शून्य, तिथंच तर पोचायचंय. राजशेखर लिहून घेता घेता घामाघूम झाला. मग एक सुटं पान हाताला लागलं, तेही त्यानं वाचलं: "रिकामी बाटली पुन्हा वापरू नये. खोल खड्डा करून पुरावी."

आत्यानं सूप खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले. "बाटली बी देहच की रे. जीव गेला की मातीत ठिवायचं. पुन्हा जल्म न्हाई."

सोमवारी वर्ग गार पडला. शैलश्री मॅडमनी तर टाळ्या वाजवल्या. बाटलीचा उतारा हाच कादंबरीचा गाभा, दहा वर्षं मी हेच शिकवतेय, म्हणाल्या. सगळ्यांना झेरॉक्स द्यायला त्यांनी ते पान मागितलं.

राजशेखरनं रुबाबात दिलं. मॅडमनी उलटलं. मागं तुरीची शेंग पोखरणारी ही एवढी हिरवी अळी, आणि खाली फवारणीचं प्रमाण. उदगीरहून आणलेल्या औषधाचा कागद होता तो.

मॅडमनी अळीकडं पाहिलं, राजशेखरकडं पाहिलं, कागदाची बारीक घडी करून पर्समध्ये टाकली. झेरॉक्सचं मशीन बंद आहे म्हणाल्या. वीसपैकी अठरा दिले.

घरी येऊन त्यानं आत्याला सगळं सांगितलं. तिनं तुरीतला एक खडा वेचून अंगणात भिरकावला.

"मग माझं चुकलं कुठं? अन् शेवटाला काय लिवलं होतं त्यात?"

"काम झाल्यावर साबणानं हात धुवावेत."

"मग धू की. अन् जेवायला बस."