अण्णासोंचा आ

गारगोटीच्या गणपतरावांनी चहाची बशी खाली ठेवली, मिशी पुसली आणि शेवटची अट सांगितली. "आमचं पोरगं शाळंत मास्तर हाय. त्याला एक फटफटी पायजे."

तिथवर शालनच्या लग्नाची बोलणी सुरळीत झाली होती. शालनचे वडील अण्णासो शाहूपुरीत गुळाचे सौदे पुकारायचे. जन्मभर ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता, की त्यांनी घरात पाणी मागितलं तरी शेजारची हुसेनबी तांब्या घेऊन यायची. फटफटी ऐकताच त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. कानाजवळ कट्‌कन आवाज झाला. तोंड उघडंच राहिलं आणि उत्तर आलंच नाही.

"का वो पावणं, लई झालं व्हय?" गणपतराव चपापले.

अण्णासोंचा आ तसाच. डोळेही आता त्याच्या मापाचे होऊ लागले.

"बरं, जुनी चालंल."

"आँ... आँ!"

"मग नवी सायकल तरी द्या की! पोरगं काय चालत शाळंला जाणार?"

दाराआड सरुबाई खुशीत होत्या. ज्याला त्याला 'घ्या की' म्हणणारा आपला नवरा आज पहिल्यांदाच ताणून धरत होता. अण्णासोंनी दोन्ही हात जोरजोरात हलवले. हनुवटीवरून लाळ ओघळून सदऱ्यावर पडली.

"ऱ्हाऊ दे, सायकल बी ऱ्हाऊ दे!" गणपतराव उठून उभे राहिले. "पर तोंड मिटा की वो!"

ती लाळ पाहिली आणि सरुबाईंनी हंबरडा फोडला. हुसेनबी धावत आली. "या अल्ला! वारं गेलं ह्यांच्यावरनं!" म्हणत तिनं अण्णासोंची हनुवटी धरून वर दाबली. अण्णासो कळवळून केकाटले, पण तोंड तसूभर मिटलं नाही.

गणपतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "मी फटफटी म्हणालो आन् माणूस गेला, असं झालं तर गारगोटीत तोंड कसं दाखवू?" त्यांनी स्वतः पळत जाऊन टांगा आणला. वाटेत बाजारातला एक ओळखीचा अडत्या हात करून ओरडला, "अण्णासो, झोप झाली न्हाय व्हय?" अण्णासोंनी आ वासूनच मान हलवली.

हाडांच्या डॉक्टरांनी कानांपुढं बोटं लावून चाचपलं. "वारं नाही, काही नाही. जबड्याचा सांधा निसटलाय."

त्यांनी दोन्ही अंगठ्यांना कापड गुंडाळलं, ते अण्णासोंच्या खालच्या दाढांवर टेकवले, जबडा खाली दाबला आणि मागं रेटला. खट्‌! तोंड मिटलं. अंगठे आतच होते. आता डॉक्टरांनी आ केला.

अंगठे सोडवून ते म्हणाले, "ओरडून ओरडून सांधा सैल झालाय तुमचा. आज एवढं मोठ्यानं काय बोलायला निघाला होता?"

आवाज परत आल्याच्या आनंदात अण्णासो गरजले, "'देतो की फटफटी' म्हणणार होतो! एकुलती एक लेक हाय माझी!"

सरुबाईंचा हात तोंडावर गेला. ह्याच माणसासाठी त्या टांग्यात अंबाबाईला साडी-चोळीचा नवस बोलल्या होत्या!

"नको, नको!" गणपतरावांनी झेप घेऊन अण्णासोंच्या हनुवटीखाली तळवा लावला. "त्या फटफटीचं नाव काढू नका, पाया पडतो! पोरगी तेवढी द्या!"

डॉक्टरांनी हनुवटीखालून डोक्यावर करकचून पट्टी बांधली. "तीन आठवडे पातळ खायचं. बोलायचं अजिबात नाही."

अण्णासोंनी मान डोलावली. पण घरी निघताना त्यांनी गणपतरावांना खुणेनं थांबवलं, दोन मुठी पुढं धरल्या आणि हँडल पिरगाळून दाखवलं. मग छातीवर हात ठेवून देतो म्हणून मान हलवली.

सरुबाईंनी त्यांच्या दोन्ही मुठी पकडून पदरात घट्ट गुंडाळल्या. "पावणं," त्या म्हणाल्या, "ही पट्टी सुटायच्या आत मुहूर्त काढा."