माझ्या जागेवरचं गिऱ्हाईक

मासे पकडायला अक्कल लागते म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. अक्कल लागत असती तर आमचा शेजारी नेव्हिल ऑग्डन तीस वर्षं रिकाम्या हातानं परतला असता! मासे पकडायला लागते शिस्त, आणि ती माझ्याकडे पोत्यानं आहे. बस डेपोत वेळापत्रकं आखण्यात माझी हयात गेली. गाड्या काही वेळेवर सुटल्या नाहीत, पण त्यात वेळापत्रकाचा दोष नव्हता.

अर्थात हा छंद मी आपखुशीनं घेतला असं नाही. निवृत्त झालो आणि पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातले सगळे डबे आद्याक्षरांप्रमाणे लावून टाकले. चहाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर गेला. तिथे ग्लेंडाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, हात पोचत नाही. मग मी धुण्याचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. ग्लेंडानं ते नीट वाचलं, चष्मा काढला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "लेनर्ड, घराबाहेरचा एखादा छंद शोध. नाहीतर मी स्केगनेसला बहिणीकडे जाते. करमलं तर तिथेच राहीन."

ग्लेंडा उगाच धमक्या देत नाही. माळ्यावरची बॅग तिनं पलंगाखाली आणून ठेवलेली मी पाहिली होती.

गावाबाहेर जुन्या विटांच्या खाणीत पाणी भरून मोठं तळं झालंय. त्यात कार्प जातीचे मासे आहेत. पकडायचे, वजन करायचं, कौतुक करायचं आणि पुन्हा पाण्यात सोडायचे. त्या तळ्याचा जो क्लब आहे, नेव्हिल त्याचा सेक्रेटरी. नवा माणूस आधी उमेदवार म्हणून घेतात. जुलैत स्पर्धा झाली की सगळे सभासद हात वर करून त्याचा निकाल लावतात. हात वर झाले नाहीत तर गाशा गुंडाळायचा. माझ्या बाबतीत तो ग्लेंडानं गुंडाळला असता.

मी वाचनालयातून पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं, की एक जागा धरावी, तिथे रोज आमिष टाकावं, माशांना सवय लावावी आणि मग गळ टाकावा. टाकून झाल्यावर रेंगाळू नये, कारण माणसाची सावली दिसली की मासे बुजतात. म्हटलं, हे तर माझंच काम! रोज सकाळी त्याच वेळेला बादलीभर मक्याचे दाणे घेऊन मी तळ्यावर हजर. कडीनं बादली तीनदा वाजवायची, म्हणजे गाडी लागल्याचं माशांनाही कळावं. दाणे काठाजवळ ओतायचे आणि मागे वळून न बघता घरी. हे बादली वाजवणं पुस्तकात नव्हतं. ती माझी भर.

दुसऱ्या दिवशी जावं तर एक दाणा शिल्लक नाही. मी माप वाढवलं, तरी तेच. दुकानातले मक्याचे डबे संपले, पण माशांची भूक संपेना. घरी ग्लेंडा काम करताना गुणगुणायला लागली होती. मी मनातल्या मनात क्लबात जाऊनही बसलो.

कुंपणावरून मी नेव्हिलला सहज ऐकवलं. त्यानं विचारलं, बादलीभर टाकतोस आणि सगळं संपतं? मी म्हटलं, चाटूनपुसून, गिऱ्हाईक अगदी पक्कं आहे. नेव्हिलचा चहा कपातच निवला. आठवड्याभरात पबमधल्या गप्पांत माझ्या जागेखाली डुकराएवढे मासे फिरायला लागले होते. मी कशाला नाही म्हणू?

स्पर्धेच्या दिवशी जागांच्या चिठ्ठ्या टोपीतून काढतात. माझी जागा नेमकी नेव्हिलला लागली. त्यानं माझा हात हातात घेऊन दाबला. तीस वर्षांच्या शेजारात हे प्रथमच घडत होतं. मला तळ्याच्या दुसऱ्या टोकाची जागा मिळाली.

शिट्टी झाली. सगळ्यांनी गळ टाकले. माझा पहिला माझ्याच टोपीत अडकला, दुसरा पाण्यात पडला. सगळीकडे अशी शांतता, की कुणाच्या थर्मासचं झाकण फिरलं तरी चार माना वळत. म्हटलं, आता आपल्या जागेवर थोडे दाणे टाकावेत. बादली उचलली आणि हाताला सवय, तीनदा वाजवली.

तळ्यातल्या बेटामागून एक काळी मान बाहेर आली. मग दुसरी. मग मोजायचं मी सोडून दिलं. रानहंस! पिसं झडण्याचे दिवस, उडता येत नाही, म्हणून सगळं खानदान बेटावर मुक्कामाला होतं. पिल्लांसकट ते शिस्तीत पोहत आले आणि नेव्हिलच्या पायांशी येऊन थांबले. त्यांचा थांबा तोच होता ना.

नेव्हिलनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पाण्यापलीकडे माझ्याकडे पाहिलं. तो ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "तुझं गिऱ्हाईक ते हेच का रे?"

तेवढ्यात हंसांना माझ्या हातातली बादली दिसली. ते काठावर चढले आणि सगळ्या स्पर्धकांच्या मधून चालत माझ्याकडे निघाले. गळाच्या काठ्या पडल्या, दोऱ्यांचा गुंता झाला, एकाचं चीजचं सँडविच जाता जाता संपलं. मी मागे सरकलो तर ते पुढे आले. मी पळालो तर तेही पळाले.

"लेनर्ड, घेऊन जा त्यांना," नेव्हिल म्हणाला.

"कुठे नेऊ?"

"क्लबाच्या हद्दीबाहेर कुठेही ने!"

फाटकात ग्लेंडा भेटली. सगळ्यांसाठी पोर्कचे पॅटिस घेऊन आली होती. तिनं मला पाहिलं, माझ्यामागची मिरवणूक पाहिली आणि विचारलं, "म्हणजे संपलं का?"

"संपलं," मी म्हटलं. "तू तेवढी माझी काठी सांभाळ."

गवत कापून झालेल्या शेतात बादली पालथी घालून मी बसलो. हंस भोवती चरत होते. क्लब गेल्याचं मला फारसं वाईट वाटत नव्हतं. डोळ्यांसमोर पलंगाखालची बॅग येत होती. चहाचा डबा खाली ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

संध्याकाळी तळ्यावर परतलो तो बोलणी खायच्या तयारीनं. फाटकातच नेव्हिलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हंस गेल्यावर पाणी निवांत झालं आणि मासे असे लागले, की कित्येक वर्षांत असा दिवस कुणी पाहिला नव्हता. मागून ग्लेंडा आली, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या. स्पर्धेत मोजला नाही, पण त्या दिवसाचा सगळ्यात मोठा कार्प तिनं माझ्या काठीनं ओढला होता. "काठी अशी वाकली, लेनर्ड, अशी!" ती पुन्हा पुन्हा दाखवत होती. तिचा असा चेहरा मी आमच्या लग्नानंतर पाहिला नव्हता.

सगळे हात वर झाले. अट एकच, दर शनिवारी हंसांना शेतात न्यायचं.

आता ग्लेंडाकडे स्वतःची काठी आहे, परवाना आहे, आणि जेवताना माशांशिवाय दुसरा विषय नाही. बॅग माळ्यावर गेली. मी क्लबाचा रीतसर सभासद आहे आणि अजून एकही मासा मी हातात धरलेला नाही.

गेल्या शनिवारी मला सर्दी झाली. म्हटलं, आज घरी बसावं. बसल्या बसल्या मी डब्यांची फळी जरा नीट करायला घेतली. ग्लेंडा दारात बूट चढवत होती. माझ्या हातातला चहाचा डबा तिनं पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. एवढ्यात मागच्या अंगणात पंखांची फडफड झाली. ग्लेंडानं दार उघडलं, बाहेर पाहिलं, माझ्याकडून डबा काढून घेतला आणि हातात बादली दिली.

"आटप लेनर्ड," ती म्हणाली. "तुझा क्लब आलाय."