झिपरूची छाती आणि आईचं मौनव्रत

एका जंगलात, जिथे उपासाला मध चालायचा आणि म्हणून घरोघरी उपास असायचे, भागीरथीबाई नावाची अस्वलीण राहायची. नवरा केसोबा, मुलगा झिपरू. केसोबा कमी बोलायचा. त्याच्या वाट्याचंही भागीरथीबाईच बोलायची.

बाळांनो, अस्वल झाडावर कसं चढतं ठाऊक आहे ना? खोडाला घट्ट मिठी मारून, छाती घासत. झिपरू यात पटाईत होता. त्या जंगलाची रीत अशी, की मुलाचा आवाज फुटला की येत्या चैत्रात त्याने बेहड्याच्या उंच झाडावरचं पोळं उतरवायचं. मग त्याला मोठ्यांच्या पंगतीत पान मिळायचं.

झिपरूचा आवाज माघात फुटला. त्याच महिन्यात त्याची छातीही सुजली. दोन्हीकडे बोराएवढी गाठ. नुसता हात लागला तरी कळ यायची, मग खोडाला मिठी कसली मारतोय. त्याने झाड सोडलं, नदीवर डुंबायला जाणं सोडलं आणि पोक काढून चालू लागला.

"काय रे झिपरू," हुप्पाजी वानर फांदीवरून म्हणाला, "पंगतीत मुलांच्या रांगेत बसणार की मुलींच्या?" हुप्पाजीची व्यायामशाळा होती. त्याने रोजचे शंभर जोर सांगितले. जोर काढून झिपरूची कळ वाढली.

कोल्होबा वैद्याने लेप दिला. म्हणाला, "शंभर टक्के गुण."

"आणि नाही आला तर?" भागीरथीबाईने विचारलं.

"तर दुसरा लेप आहे. तोही शंभर टक्के."

खारूताईने ही बातमी पानावर लिहून पुढे पाठवली. खाली लिहिलं, 'दहा जणांना पाठवा, मुलाचं कल्याण होईल.' दहा जणांनी आणखी दहा जणांना पाठवली. झिपरूची छाती माहीत नाही असं जंगलात एक गांडूळ तेवढं उरलं.

भागीरथीबाईने मध सोडला, सोमवार धरले, उंबराला रोज एकशेआठ फेऱ्या घालू लागली. व्रताला नावं ठेवू नयेत, बाळांनो. पण प्रत्येक फेरीनंतर ती गुहेत डोकावायची. "बघू रे, उतरली का?" आलं-गेलं कुणी असलं की, "दाखव रे मावशींना."

शेवटी झिपरू म्हणाला, "आई, मला पंगत नको. मी इथेच बरा." आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

चैत्र पंधरा दिवसांवर आला होता. तेव्हा कुठे भागीरथीबाई कासवआजींकडे गेली. आजी जंगलातल्या सगळ्यांत जुन्या वैद्य, पण त्यांच्याकडे सहसा कुणी जात नसे. त्या पुष्कळदा औषधच देत नसत.

आजी सावकाश गुहेत आल्या. सगळ्यांना बाहेर काढून झिपरूला नीट तपासलं. काही औषधांनीही असं होतं, म्हणून कसली पूड किंवा गोळ्या खातोस का, विचारलं; तो नाही म्हणाला. मग आईला आत घेतलं.

"हे वयाचं आहे, बाई. वाढत्या वयात शरीरात थोडी ढवळाढवळ होते. कितीतरी मुलांना होतं, दोन-एक वर्षांत ओसरतं. एकाच बाजूला कडक गाठ वाढली किंवा तिथून पाणी आलं, तर मात्र लगेच आण."

"आणि औषध?"

"नाही."

"लेप?"

"आहे तोही धुऊन टाक."

"आजी, निदान पथ्य तरी सांगा. मी मोकळ्या हाताने बसू कशी?"

आजींनी तिच्याकडे पाहिलं. "बरं. एक व्रत आहे."

भागीरथीबाई हात जोडून बसली.

"मौनव्रत. मुलाच्या छातीवर बोलायचं नाही. उतरली का म्हणून बघायचं नाही. कुणाला दाखवायची नाही. गाठ जाईपर्यंत."

"आजी, त्यापेक्षा दोन दिवसांचा निर्जळी सांगा."

"सोपं असतं तर सगळ्यांनीच केलं असतं. आणि यात नवऱ्याचाही वाटा आहे. त्याने एकदा तोंड उघडायचं."

भागीरथीबाईने वसा घेतला. पहिल्या दिवशी तीनदा जीभ चावली. खारूताई "कसंय आता?" म्हणत आली, तर तिला दाणे देऊन तासभर हवापाण्यावर बोलली.

केसोबा झिपरूला झाडाखाली घेऊन गेला. अर्धी दुपार त्याने खोडाची साल सोलली. मग तो म्हणाला, "मलाही झालं होतं."

"तुम्हाला, बाबा?"

"तुझ्याएवढा असताना. दोन चैत्र."

"मग चढायचात कसे?"

"कुशीवर. छाती लावायची नाही, खांदा लावायचा."

"आजोबांनी शिकवलं?"

"ते काही बोलले नाहीत. पडून पडून शिकलो." केसोबाने कान खाजवला. "आणि तो हुप्पाजी. त्याला झालं होतं तेव्हा वर्षभर जंगलाकडे पाठ करून बसायचा. आम्हाला वाटायचं, ध्यान लावतोय."

महिन्याभरात झिपरू पहिल्यांदा हसला.

चैत्रात तो बेहड्यावर कुशीवर चढला. दोनदा घसरला, तिसऱ्यांदा पोळं घेऊन उतरला. छाती होती तशीच होती. पंगतीत ताठ बसला आणि पहिला तुकडा आईच्या पानात ठेवला. "खा गं. याला जायचं तेव्हा जाईल."

भागीरथीबाईच्या ओठांवर खूप काही आलं. मौनव्रत मोडू नये म्हणून तिने सोडलेला मध तोंडभर घेतला.

पुढच्या वर्षी, शेवग्याला फुलं आली तेव्हा, गाठी गेल्या. कोल्होबा म्हणाला, लेप मुरायला वेळ लागतो. हुप्पाजी म्हणाला, जोर. खारूताई म्हणाली, दहा जण. भागीरथीबाईने थाटात उद्यापन केलं आणि तिघांचाही सत्कार झाला. कासवआजी चालत चालत पोचल्या तोवर पानं उचलली होती. त्यांचं नाव घ्यायचं कुणाला सुचलं नाही, कारण त्यांनी काही दिलंच नव्हतं.

तात्पर्य : जे दुखणं आपोआप बरं होणार आहे, त्यावर उपाय ताबडतोब सुरू करावा. उशीर केला तर ते उपायाआधीच बरं होतं, आणि मग सत्कार कुणाचा करायचा हे एक नवंच दुखणं होऊन बसतं.