बारा नंबरची सही

आमच्या तालुक्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं तर आपल्याला रोज दिसणाऱ्या प्रत्येक माणसाची लेखी ना-हरकत लागते. इतकी वर्षं आपण त्यांना पुसट पाहिलेलं असतं आणि त्यांनाही पुसट दिसायची सवय झालेली असते. ती परस्पर मोडता येत नाही. नियम योग्यच आहे. मी स्वतः छत्तीस वर्षं भूमापन खात्यात काढली. लगतच्या शेतकऱ्याला नोटीस दिल्याशिवाय एकाही बांधाची मोजणी केली नाही.

माझ्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकले होते. डॉक्टर शेंडगे बाईंनी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाल्या, "टेंभुर्णीकर काका, शनिवारपर्यंत कागद पूर्ण करा. डोळ्यातला दाब चढला तर मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही." मला धडकीच भरली. त्या दिवशी सोमवार होता.

किराणावाल्या कोठारींनी दोन दिवस मागून घेतले, दुकानाला रंग दिला आणि मग सही केली. वरच्या मजल्यावरचे पाठकगुरुजी केस काळे करून आले आणि म्हणाले, "आता बघा खुशाल." दूधवाल्याने अट घातली की बघायचं ते त्याच्याकडे, कॅनमध्ये नाही. मी मान्य केलं. गुरुवारपर्यंत अकरा सह्या झाल्या. राहिली फक्त बायकोची.

"मी नाही करणार सही," ती म्हणाली.

"अगं इंदू, डोळे जातील माझे."

"वाढून देते, पेपर वाचून दाखवते, हाताला धरून फिरवून आणते. आणखी काय बघायचं राहिलंय?"

माझं डोकंच फिरलं. गावाने दिली आणि घरच्या माणसाने अडवली. तुला मी आंधळाच हवाय का, असं मी तिला विचारलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी चहा हातात न देता समोर ठेवून गेली. शनिवारी सकाळी मात्र आपण होऊन म्हणाली, "द्या तो कागद."

नेत्ररुग्णालयाच्या खिडकीवर मिसाळ म्हणून कारकून आहेत. त्यांनी एकेका नावावर बोट ठेवत कागद तपासला.

"बारा नंबरला नाव जुळत नाही," ते म्हणाले. "अर्जात पत्नी इंदुमती. सही आहे रत्नप्रभा दिनकर सोनवणे."

"लिहिताना चूक झाली असेल," मी म्हणालो.

"चूक नाही," शेजारून तीच म्हणाली. "इंदुताईंना जाऊन नऊ वर्षं झाली. मी त्यांची शुश्रूषा करायला आले होते. तेराव्याच्या पंगतीत तुम्ही मला विचारलंत, कोण गेलं? माझ्याच्याने सांगवेना. नात्यातलं कुणी, असं म्हणाले. संध्याकाळी तुम्ही हाक मारलीत, इंदू, चहा टाक. मी टाकला."

"आणि बाकीचे?"

"त्यांना वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

मी बाकावर बसलो. ते जेवण मला आठवत होतं. लाडू चांगले झाले होते म्हणून मी दोन जास्त मागून घेतले होते. त्या सुमाराला हिचा आवाज बदललेला मला जाणवला होता, पण मी ती सर्दी समजलो. नऊ वर्षं सर्दी समजलो. इंदू गेली आणि मी तिच्यासाठी रडलोसुद्धा नव्हतो. खिडकीसमोर, रांगेतल्या लोकांदेखत, मला रडू फुटलं.

मिसाळ थांबले. रांगही थांबली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "काका, शेंडगे बाई साडेअकराला ऑपरेशनला उभ्या राहतात. नाव आहे तेच ठेवायचं असेल तर मयत व्यक्तीची ना-हरकत घेता येत नाही, अर्ज निकाली निघेल. नाहीतर नाव दुरुस्त करू. खाडाखोडीपाशी तुमची सही लागेल."

मी तिच्या दिशेने वळलो. नेहमीसारखाच हिरवट धब्बा दिसला.

"तू खरं नाव का लिहिलंस?" मी विचारलं. "इंदूचं लिहिलं असतंस तर मला कळलंही नसतं."

"उद्या पट्टी सोडल्यावर कळलंच असतं."

"मग सहीच करायची नव्हतीस."

"डोळे जातील म्हणालात ना," ती म्हणाली.

मी मिसाळांना दुरुस्ती करायला सांगितलं. त्यांनी इंदुमतीवर रेघ मारली. पेनाचा आवाज मला ऐकू आला. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं, पण सही कुठे करायची ते दिसेना. रत्नप्रभाने माझं मनगट धरून पेनाचं टोक कागदावर टेकवलं. मी सही केली.

"नात्याच्या रकान्यात पत्नी लिहिलंय," मिसाळ म्हणाले. "तेही खोडायचं ना?"

"तो रकाना राहू द्या," मी म्हणालो.

त्यांनी शिक्का मारला आणि आम्हाला आतल्या खोलीत पाठवलं. तिथल्या सिस्टरने थेंब घालण्याआधी डोळे कोरडे करून घ्यायला सांगितलं. रत्नप्रभा पदराने पुसत राहिली. साडेअकरा वाजून गेले तरी ते कोरडे होईनात.