हायड्रेंजियाला एरंडोल मानवलं

पाचगणीच्या विहीणबाईंनी दिलेल्या हायड्रेंजियानं एरंडोलच्या उन्हात चौथ्याच दिवशी राम म्हटला. पानबाईंनी घरातला कूलर अंगणात लावला होता, मुळाशी बर्फ घातला होता, वर नवऱ्याची, ज्ञानचंदांची, छत्री बांधली होती. पण थंड हवेत लाडावलेलं ते झाड, एप्रिलात कसलं टिकतंय!

विहीणबाईंचा फोन मात्र दर रविवारी यायचा, आणि पानबाई दर रविवारी सांगायच्या, "फुलं धरलीत हो! निळीशार!" लेक रिद्धी त्यांच्याच घरी नांदत होती. तिच्या सासूचं झाड मारलं, हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "मग बुधवारी बघायलाच येते."

ज्ञानचंदांनी कपाळाला हात लावला. "अगं, आता खरं सांगून टाक."

"आणि रिद्धीनं जन्मभर टोमणे खायचे?" पानबाई पिशवी घेऊन बाजारात निघाल्या.

हायड्रेंजियाच्या गोल, गच्च फुलासारखं गावात एकच मिळत होतं: फ्लॉवरचा गड्डा. पण घर पक्कं जैन. आत किडे असतात म्हणून तीन पिढ्यांत फ्लॉवरनं उंबरा ओलांडला नव्हता. भाजीवाल्या ताईबाईनं तराजू खाली ठेवला.

"अक्का, तुमना घरमा फ्लावर? बठ्ठा गावले माहीत शे, तुम्ही खातस नही!"

"खायला नको गं, बागेला हवाय."

पानबाई खरं बोलल्या, म्हणूनच ताईबाईला ते पटलं नाही. संध्याकाळपर्यंत ज्ञानचंदांच्या दुकानात तिघं जण येऊन हळूच विचारून गेले, "शेठजी, घरी सगळं ठीक ना?"

बुधवारी सकाळी पानबाईंनी सहा गड्डे कपड्यांच्या निळीत बुडवले, कुंडीतल्या जास्वंदीच्या फांद्यांना दोऱ्यानं बांधले आणि कुंडी पार भिंतीशी सरकवली. लांबून पाहिलं तर दृष्ट काढावी असं झाड!

विहीणबाई चहालाही न थांबता थेट कुंडीपाशी गेल्या. वाकल्या. वास घेतला. एक फूल दाबून पाहिलं. बोट निळं झालं. रिद्धीचा संसार पानबाईंना डोळ्यांसमोर बुडताना दिसला.

"व्याहीबुवा, तुम्ही जरा आत जा," विहीणबाई म्हणाल्या. ज्ञानचंद पळालेच.

विहीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"येत्या रविवारी माझ्या बागेत स्पर्धेचे परीक्षक यायचेत. गेल्या वर्षी मी नुसते पांढरे गड्डे बांधले, तर दुसरा नंबर आला. ही नीळ किती घालता हो?"