आठाचे ऐंशी

मेहुणीचा सीमेपलीकडच्या मेक्सिकोतल्या हुआरेसहून फोन आला आणि माझी बायको ओब्दुलिया वारल्याचं कळलं, त्या दिवशी एल पासोच्या आमच्या घरात टेबलावर यादिराची गुणपत्रिका पडली होती. "दोन दिवस बहिणीकडे जाऊन येते, आल्यावर हिचं भाषांतर करते," असं सांगून ती तिकडे गेली होती.

यादिरा शेजारची. मेक्सिकोत चिवावाला नर्सिंगची दोन वर्षं केलेली. पुढचं इथल्या कॉलेजात करायचं होतं. गुणपत्रिका स्पॅनिश, कॉलेजला हवी इंग्रजी, तीही दोन आठवड्यांत, शुक्रवारपर्यंत!

ओब्दुलियाच्या मागे नऊ दिवस म्हणायची जपमाळेची प्रार्थना आटोपली आणि मंगळवारी मी यादिराला म्हणालो, "काळजी सोड! एकतीस वर्षं बायकोची भाषांतरं टाइप केलीत मी!"

"काका, पण मान्य भाषांतरकार म्हणून शिक्का काकूंचाच लागतो."

"तो ड्रॉवरमध्येच आहे!"

दुधात माशी दिसावी तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

विषयांची नावं भराभर झाली. मग गुण पाहिले आणि मनात पाल चुकचुकली. आठ, आठ, सात, नऊ. दहा एकही नाही! 'दहा देवाला, नऊ मास्तरला, आठ पोराला' हे आपल्या मेक्सिकन लोकांना ठाऊक. अमेरिकन माणसाला कुठलं? तो शंभरापैकी आठ समजून पोरीला दारातूनच हाकलायचा! ओब्दुलिया म्हणायची, आकड्याला हात लावायचा नाही. पण ती जरा भित्रीच. मी प्रत्येक आकड्यापुढे एक शून्य दिलं, शिक्का मारला, आणि तिची सही तर मला माझ्या सहीपेक्षा चांगली येते.

गुरुवारी कॉलेजातल्या बाईंचा फोन.

"मूळ कागदावर आठ, भाषांतरात ऐंशी. वाढवले कोणी?"

"वाढवले नाहीत हो, समजावून दिले!"

"मुलगी तुमची कोण?"

"शेजारीण."

"अस्सं! भाषांतरकार बाईंना फोन द्या."

"ती वारली. बारा दिवस झाले."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग सावकाश प्रश्न आला, "आणि सही परवाची?"

यादिरा कानाशीच उभी होती. "काका, ठेवा फोन! नको, ठेवू नका! खरं सांगून टाका!"

सांगितलं. पोरीचा दोष नाही म्हणून बाईंनी सोमवारपर्यंत मुदत दिली. दुसऱ्या भाषांतरकाराने आठाला आठच ठेवलं आणि गुणपत्रिकेच्या मागची ओळही उतरवली: 'गुण दहापैकी, सहाला उत्तीर्ण.' मी कागद उलटून पाहिलाच नव्हता!

यादिराला प्रवेश मिळाला. मला मात्र बाईंनी सोडलं नाही. मान्य भाषांतरकारांच्या यादीतून ओब्दुलियाचं नाव काढायचं, मृत्यूचा दाखला पाठवा म्हणाल्या. पाठवला. परत आला. दाखला हुआरेसचा, स्पॅनिश! इंग्रजी भाषांतर जोडा, आणि ते नातेवाइकाने केलेलं नको.

"माझं भाषांतर ज्यांनी केलं त्यांच्याकडेच द्या ना, काका," यादिरा म्हणाली.

देतो म्हणालो. त्याला तीन महिने झाले. दाखल्याचं भाषांतर अजून झालेलं नाही, आणि यादीत ओब्दुलियाचं नाव अजून आहे.